चाकाखालचा दगड : हॅण्डब्रेकच्या केबलचा थोडा इतिहास आणि एक मागणी

पोस्ट लांब आहे. सावकाश वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

पुण्यात नवले पुलाच्या उतारावर मोठा अपघात झाला की आठ दिवस सगळा गाव ब्रेकवर बोलतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने अनेक गाड्या ठोकल्या, तेव्हाही बोललो. वेग, न्यूट्रलवर गाडी सोडणं, रस्त्याचा उतार, सगळ्यावर चर्चा झाली. व्हायलाच पाहिजे होती. पण ती चर्चा चालत्या गाडीच्या ब्रेकची. मला आज उभ्या गाडीच्या ब्रेकवर लिहायचंय, म्हणजे हॅण्डब्रेकवर. त्याच्यावर कुणी बोलत नाही, कारण तो बहुतेक वेळा एकाच माणसाला मारतो आणि ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते. ट्रक मागे सरकला, क्लीनर चाकाखाली आला, अकस्मात मृत्यूची नोंद. झालं.

मी तीस वर्षं पुणे-सातारा रस्त्यालगत गॅरेजकाम केलंय. खंबाटकी चढून आलेल्या, कात्रजला उतरणाऱ्या जुन्या ट्रकांच्या पोटाखाली माझं अर्धं आयुष्य गेलं. त्यामुळे हा इतिहास मी थोडा वाचून आणि बराचसा ग्रीसमध्ये हात घालून शिकलोय.

घाटात थांबलेला जुना ट्रक आठवा. गाडी थांबते न थांबते तोच क्लीनर उडी मारतो, कडेचा एक दगड उचलतो आणि मागच्या चाकाला लावतो. मग ड्रायव्हर ब्रेकवरचा पाय काढतो. निघताना गाडी जरा पुढे घेतात आणि दगड तिथेच रस्त्यात राहतो. रात्री मागून येणारा दुचाकीवाला त्या दगडावर आपटतो, ते वेगळंच. हे आपण इतक्या वेळा पाहिलंय की त्यात काही चुकतंय असं वाटतच नाही. पण जरा विचार करा. त्या गाडीला कंपनीने हॅण्डब्रेक दिलेला आहे. तो असताना दगड कशाला?

आधी कायदा बघू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९६ सांगतो की गाडीला एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन ब्रेक यंत्रणा हव्यात, एक पायाची आणि एक पार्किंगची. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२६ उभ्या गाडीबद्दल आहे. त्याचा अर्थ असा: सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवताना एकतर लायसन्सवाला माणूस ड्रायव्हरच्या सीटवर पाहिजे, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला पाहिजे, किंवा ड्रायव्हर नसताना गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी काही तजवीज केलेली पाहिजे. १९३९ च्या जुन्या कायद्यातही कलम ८४ ला जवळपास हेच होतं.

आता ‘दुसरी काही तजवीज’ हे शब्द परत वाचा. आपला दगड तिथे बसलाय. कायदा करणाऱ्यांनी अडीअडचणीसाठी एक फट ठेवली, आणि आपण तिला राजरस्ता केलं.

दगडावर भरवसा ठेवला की काय होतं, याचा धडा जगाला रेल्वेने फार पूर्वी दिलाय. १२ जून १८८९. आयर्लंडमधलं आर्मा. रविवारच्या शाळेची सहल घेऊन एक गाडी निघाली होती, डबे मुलांनी गच्च भरलेले. चढावर इंजिन दमलं. मग गाडीचे दोन भाग करायचं ठरलं. पुढचे पाच डबे आधी वर न्यायचे, मागचे दहा तिथेच ठेवायचे. मागच्या डब्यांना आधार कशाचा? गार्डच्या डब्यातला एक हॅण्डब्रेक आणि चाकांखाली लावलेले दगड. पुढचा भाग निघताना किंचित मागे आला, मागच्या डब्यांना धक्का बसला, दगड चिरडले गेले आणि ते दहा डबे उताराने सुटले. मागून दुसरी गाडी येत होती. ऐंशीच्या आसपास माणसं गेली, त्यात बरीच मुलं.

त्या गाडीला इंजिनावरून चालणारा व्हॅक्यूम ब्रेक होता. पण साधा. म्हणजे नळी जोडलेली असेल तोवर ब्रेक, नळी सुटली की ब्रेक गेला. डबे तोडले तेव्हाच त्यांचा ब्रेक गेला होता. खरं तर यावरचा उपाय तोवर निघालेला होता. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८६९ मध्ये हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं, त्यातही नळी फुटली की ब्रेक जायचा. १८७२ मध्ये त्याने सगळं उलटं केलं. नळीत हवा आहे तोवर ब्रेक सुटलेला, हवा गेली की ब्रेक लागणार. बिघाड झाला तर गाडी थांबेल, सुटणार नाही. आर्मानंतर जेमतेम अडीच महिन्यांत ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून प्रवासी गाड्यांना असा आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला.

आपल्या बोरघाटातही रेल्वेने हीच खबरदारी घेतलेली आहे. १८६३ साली तो लोहमार्ग सुरू झाला, चढ ३७ फुटांना एक फूट इतका. तिथे उताराच्या वाटेवर कॅच सायडिंग आहेत. उतरणारी गाडी ठरलेल्या जागी थांबवून दाखवावी लागते. नाही थांबली, तर रूळ तिला बाजूच्या चढावर नेतात आणि तिथे तिचा जोर संपतो. ब्रेक चालतोय असं गृहीत धरायचं नाही, चालतोय हे सिद्ध झालं तरच पुढे जायचं. रेल्वेत हे दीडशे वर्षं चालू आहे. त्याच घाटात, त्याच्या शेजारून जाणाऱ्या रस्त्यावर मात्र आपण दगड लावत राहिलो.

आता ट्रककडे येऊ. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे ट्रक बनायला लागले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरने कुर्ल्यात डॉज आणि फार्गो काढल्या. १९५४ मध्ये टेल्कोने मर्सिडीज-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक सुरू केले. मद्रासकडून लेलँडची कॉमेट आली. माझ्या पिढीचे मेकॅनिक टाटाच्या १२१० वर शिकले. आणि १९८६ मध्ये ४०७ आल्यावर गावोगावी छोटे ट्रक दिसायला लागले.

त्या काळच्या गाड्यांत हॅण्डब्रेक म्हणजे निव्वळ हाताची ताकद. ड्रायव्हर दांडा ओढणार, खाचेत अडकवणार, आणि तो ओढ लोखंडी सळ्यांनी किंवा केबलने ब्रेकपर्यंत जाणार. काही गाड्यांत तो मागच्या चाकांच्या ड्रममध्ये जातो, काहींत गिअरबॉक्सच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर बसवलेल्या ड्रमवर. ही केबल, म्हणजे बाहेर कवच आणि आत सरकणारी तार, लंडनच्या अर्नेस्ट बोडेनने १८९६ मध्ये पेटंट केली. सुरुवातीला सायकलच्या ब्रेकसाठीच ती गाजली. सळी सरळ जावी लागते, केबल वळणं घेत कुठूनही नेता येते. त्यामुळे गाडी बनवणाऱ्यांना ती सोयीची झाली.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. केबल तुटली की ब्रेक गेला. म्हणजे आर्माच्या गाडीचीच जात. १८७२ ची अक्कल ट्रकच्या हॅण्डब्रेकपर्यंत पोचायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. हवेच्या ब्रेकच्या मोठ्या गाड्यांत पुढे स्प्रिंग ब्रेक आला. डब्यात एक जबरदस्त स्प्रिंग असते. ती ब्रेक लावूनच बसलेली असते आणि हवेच्या दाबाने तिला मागे रेटलं की गाडी सुटते. हवा गळाली तर ब्रेक लागतो. नव्या ट्रकमध्ये बटण ओढल्यावर ‘फुस्स’ आवाज येतो ना, तो हाच. (मेकॅनिक पोरांनो, तो डबा स्वतः खोलायला जाऊ नका. आतली स्प्रिंग सुटली तर माणूस जागेवर जातो.) अमेरिकेत १९७५ पासून हवेच्या ब्रेकच्या नव्या ट्रकांना अशी व्यवस्था नियमानेच आली, म्हणजे पार्किंग ब्रेक हवेच्या भरवशावर टिकता कामा नये.

पण मागे राहिले ते जुने आणि छोटे ट्रक. वाळू, विटा, भाजीपाला, दूध, पाण्याचे टँकर. आपल्या तालुक्याचा निम्मा माल यांच्यावर चालतो, आणि यातल्या कितीतरी गाड्यांचा हॅण्डब्रेक अजून केबलवरच आहे.

थोडा हिशेब करू. १२ टन वजनाची भरलेली गाडी वीसाला एक अशा चढावर उभी असेल, तर तिला खाली खेचणारी ओढ सुमारे ६०० किलोची असते. ती सुटली तर दहा सेकंदांत सायकलचा वेग घेते, वीस सेकंदांत ताशी पंचवीस-तीस किलोमीटरवर जाते. युरोपात ब्रेकचा आर-१३ नावाचा नियम आहे. त्याप्रमाणे भरलेली गाडी निव्वळ पार्किंग ब्रेकवर १८ टक्के चढावर उभी राहिली पाहिजे, म्हणजे शंभर मीटरला अठरा मीटर चढ. तिथे बारा टनांच्या गाडीची ओढ दोन टनांच्या वर जाते. एवढं सगळं त्या एका दांड्याने आणि तारेने पेलायचं. म्हणून त्या यंत्रणेतलं प्रत्येक सांधं धडधाकट लागतं. आणि त्यात क्लीनर लावतो तो गोल दगड भरलेल्या चाकापुढे किती टिकणार, हे तुम्हीच ठरवा.

माझ्याकडे आलेली एक गाडी सांगतो, म्हणजे गोंधळ कुठे होतो ते कळेल. पंधरा-सोळा वर्षांचा छोटा ट्रक. मालक म्हणाला, “मिस्त्री, दोनदा नवी केबल टाकून झाली, तरी हॅण्डब्रेक धरत नाही. तुम्ही जरा चांगल्या कंपनीची टाका.”

म्हटलं, “शेठ, केबलचं नंतर बघू. आधी दुखणं कुठाय ते बघू.”

पहिलं काम म्हणजे गाडी सपाट जागी घेऊन चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावणं. ज्याने गाडी धरलीय तोच आपण सोडणार असतो, हे गॅरेजातसुद्धा पोरं विसरतात. जॅकवर भरवसा ठेवायचा नाही.

मग दांडा ओढून बघायचा. दांडा ढिला, खूप वर येतो आणि खाचा संपतात? म्हणजे कुठेतरी ढिलाई आहे. दांडा घट्ट आहे पण गाडी धरत नाही? म्हणजे ओढ पोचतेय, घर्षण होत नाही. ड्रममध्ये तेल गेलंय किंवा लायनर संपलेत. दांडा ओढायला जड, सोडल्यावर परत येत नाही, चाक तापतं? म्हणजे केबल कवचाच्या आत गंजून अडकलीय.

या गाडीत दांडा घट्ट होता. ब्रेककडचं टोक सोडवून तार हाताने ओढली, सहज सरकली. म्हणजे केबल ठणठणीत. ड्रम उघडला तर एका बाजूचं ऑइल सील गळत होतं आणि लायनर तेलात भिजलेले. दुसऱ्या बाजूला आतला लिव्हर गंजून बसलेला, हलतच नव्हता. दोन केबलींचे पैसे गेले, आणि दुखणं केबलीत नव्हतंच! सील, लायनर आणि लिव्हरची सफाई, एवढ्यात गाडी चढावर उभी राहिली.

ज्यांची केबल खरंच गेलीय त्यांच्यासाठीही सांगतो. बहुतेक ठिकाणी घाईत केबलचा नट आवळून हॅण्डब्रेक ‘टाइट’ करून देतात. ते चूक. आधी ड्रममधले शू ॲडजस्ट करायचे, मग केबल. उलटं केलं तर शू कायम थोडे लागलेले राहतात, चाक तापतं, लायनर जळतात आणि महिन्यात पुन्हा होतं तसंच. दोन्ही चाकांना वेगळ्या केबली असतील तर जोडीने बदला. एक जुनी अडकलेली राहिली तर सगळा भार नवीवर येतो. नवी केबल बसवण्याआधी जुनीशेजारी ठेवून लांबी मोजा. सायलेन्सरला चिकटू देऊ नका, एकदम मुरडू नका, सगळ्या क्लिपा परत लावा. गाडी भरल्यावर पाटे दबतात, तेव्हा ती ताणली जाता कामा नये. बसवल्यावर दांडा आठ-दहा वेळा जोरात ओढा आणि चार दिवसांनी पुन्हा तपासा, कारण नवी केबल थोडी बसते. शेवटी भरलेली गाडी चढावर उभी करून बघा. तोंड वर करून एकदा, खाली करून एकदा. त्या वेळी ठोकळे चाकापासून वीतभर लांब ठेवायचे आणि माणूस एकही मागे उभा राहू द्यायचा नाही.

आता खरा मुद्दा. या केबली इतक्या मरतात का? पावसाचं पाणी, चिखल, कोकणात जाणाऱ्या गाड्यांना खारी हवा, हे तर आहेच. पण सगळ्यात मोठं कारण म्हणजे वापर नाही. महिनोन् महिने दांडा ओढलाच जात नाही, मग तार कवचाच्या आत गंजून बसते. ड्रायव्हर म्हणतो, हॅण्डब्रेक धरत नाही म्हणून दगड लावतो. आणि मी म्हणतो, दगड लावता म्हणूनच हॅण्डब्रेक धरत नाही. हे असंच पिढ्यान् पिढ्या फिरत आलंय. नवा ड्रायव्हर जुन्याकडून शिकतो, त्याला हॅण्डब्रेक ही शोभेची वस्तू वाटते.

आणि याची किंमत कोण मोजतो? मालक नाही, बहुतेक वेळा ड्रायव्हरही नाही. किंमत मोजतो तो क्लीनर. कारण दगड लावायला सुटणाऱ्या गाडीच्या मागे वाकणारा तोच असतो, आणि दगड काढायलाही तोच. बहुधा अठरा-वीस वर्षांचं पोरगं, मराठवाड्यातलं नाहीतर आणखी लांबचं, पगार ड्रायव्हरच्या मर्जीवर. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात क्लीनरचं नाव कामगार म्हणून स्पष्ट घेतलेलं होतं. पण तो कायदा मुळात पाच किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होता. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे काम करणारं पोरगं त्याच्या बाहेरच राहिलं. म्हणजे जिथे गाड्या सगळ्यात जुन्या, तिथेच त्या कायद्याचं छत्र नव्हतं.

मालकांना मी शिव्या देणार नाही. डिझेल, टायर, हप्ता, टोल, वाटेतले ‘खर्च’ यातून एका गाडीवाल्याच्या हातात काय उरतं ते मला माहीत आहे. पण हॅण्डब्रेकचं पूर्ण काम एका टायरच्या किमतीतसुद्धा होतं. परवडत नाही म्हणून ते राहत नाही. कुणी विचारत नाही म्हणून राहतं.

विचारायचं कुणी? फिटनेस तपासणाऱ्याने. आपल्या राज्यात ब्रेक तपासणीचा विषय मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आरटीओत ब्रेक तपासायला २५० मीटरचा मार्गच नसेल तर गाड्या पास कशा होतात, असा साधा प्रश्न होता. त्यानंतर मार्ग झाले, काही ठिकाणी यंत्रं आली. चांगलं झालं. पण सपाट मार्गावर गाडी पळवून कचकन थांबवली, तर पायाचा ब्रेक कळतो. हॅण्डब्रेक कळायला गाडी चढावर उभी करावी लागते, नाहीतर रोलरच्या यंत्रावर तो वेगळा मोजावा लागतो. हे करता येतं. त्यासाठी कुठलाही नवा शोध लागत नाही.

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत.

एक. फिटनेसच्या दाखल्यावर हॅण्डब्रेकचा निकाल वेगळा, आकड्यात लिहा. ‘ब्रेक ठीक’ एवढ्यावर भागवू नका.

दोन. जिथे यंत्र नाही तिथे तपासणीच्या आवारात एक छोटा काँक्रीटचा चढ बांधा. तो किती टक्क्यांचा आहे ते पाटीवर लिहा. गाडी वर न्या, दांडा ओढा, पाय काढा. उभी राहिली तर पास. बोरघाटात रेल्वे हेच करते, आधी थांबवून दाखव, मग पुढे जा.

तीन. प्रत्येक मालवाहू गाडीत दोन ठोकळे पाहिजेत, दोरी बांधलेले. दोरीमुळे ते चाकाच्या बाजूला उभं राहून ओढता येतात, गाडीमागे वाकावं लागत नाही, आणि निघताना रस्त्यात राहत नाहीत. ठोकळा हॅण्डब्रेकच्या जोडीला असावा, त्याच्या जागी नाही.

चार. घाटात जिथे ट्रक थांबतातच, तिथे सपाट थांबे करा. माणूस चढावर गाडी उभी करतो कारण त्याला दुसरी जागा नसते.

ड्रायव्हर भावांना एकच विनंती. उद्यापासून गाडी सपाटावर उभी केली तरी हॅण्डब्रेक ओढा. रोज ओढा. तार हलती राहील, आणि धरत नसेल तर ते घाटात कळण्याआधी दारात कळेल.

आणि क्लीनर पोरांनो, ड्रायव्हरने कितीही घाई केली तरी चाकाच्या मागे वाकू नका. बाजूला उभं राहून ठोकळा सरकवा. ड्रायव्हर ओरडला तर ओरडू दे.

आपल्या भागात फिटनेसला गेलेल्या गाडीचा हॅण्डब्रेक खरंच कुणी चढावर तपासला का, हे गाडीवाल्यांनी खाली लिहा. जे असेल ते खरं लिहा. तेवढं घेऊन मी पुढच्या महिन्यात परिवहन कार्यालयात निवेदन देणार आहे. बरोबर यायचं असेल त्याने सांगा.